प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातली पावसाची ओळ

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या मॉन्टगोमेरी काउंटीत घर घेतलं की पहिल्या जुलैत प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं. बहुतेक जण तळाचा आकडा बघतात, सुस्कारा सोडतात आणि कागद फाइलला लावून मोकळे होतात. एस्क्रो (कर्जाच्या हप्त्यातच कराचे पैसे जमा करण्याची सोय) असेल तर तेवढंही नाही. कर्ज देणारी कंपनी परस्पर पैसे भरते आणि बिल आलं होतं हेच वर्षभर कळत नाही. माझी पहिली तीन वर्षं अशीच गेली. मग घरामागे पॅटिओ, म्हणजे फरसबंद अंगण, बांधला आणि काही महिन्यांनी आलेल्या बिलात एक ओळ बरोबर दीडपट झालेली दिसली. तिचं नाव ‘वॉटर क्वालिटी प्रोटेक्शन चार्ज’. लोक तिला ‘रेन टॅक्स’ म्हणतात. पावसावर कर म्हटल्यावर माणूस भांडायलाच उठतो. पण हा आकार पावसावर नाही आणि काटेकोर बोलायचं तर करही नाही.

दरवर्षी गणपतीच्या पंगतीत नुकतं घर घेतलेलं कुणीतरी हा विषय काढतंच. वरणभात संपेपर्यंत त्यांना जेवढं सांगून होतं, त्यापेक्षा थोडं जास्त इथे लिहून ठेवतोय. उदाहरण मॉन्टगोमेरी काउंटीचं आहे, कारण टेप घेऊन मी मोजलं ते इथलंच घर. इतर ठिकाणचे फरक पुढे ओघात येतील.

पैसे कशाचे?

मोकळ्या जमिनीवर पडलेला पाऊस बराचसा मुरतो. छपरावर, ड्राइव्हवेवर, पार्किंगमध्ये पडलेला मुरत नाही. तो रस्त्याच्या कडेने वाहत जातो, कर्बजवळच्या लोखंडी जाळीतून खाली उतरतो आणि पाइपातून जवळच्या ओढ्यात पडतो. नव्या माणसाचा गैरसमज होतो तो इथेच. या जाळीतलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. गाडीखाली गळलेलं तेल, लॉनवरचं खत, कुत्र्यांची घाण, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळं घेऊन ते थेट सेनेका क्रीकला, रॉक क्रीकला किंवा अ‍ॅनाकोस्टियाला मिळतं, तिथून पोटोमॅकला आणि शेवटी चेसापीकच्या उपसागरात. शिवाय पाइपातून येणारं पाणी मुरत मुरत येत नाही, एकदम लोंढ्याने येतं. त्या माऱ्याने ओढ्यांचे काठ खचतात आणि झाडांची मुळं उघडी पडतात. जर्मनटाउनमध्ये कुठल्याही ओढ्याकाठच्या पायवाटेवर गेलात तर हे डोळ्यांनी दिसेल.

किती पाणी? १,००० चौरस फुटांवर १ इंच पाऊस पडला तर सुमारे ६२३ गॅलन, म्हणजे २,३५० लिटरच्या वर. मध्यम घराची छप्पर, ड्राइव्हवे वगैरे मिळून २,४०० चौरस फूट जागा धरली तर एका इंचाच्या सरीत साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी तुमच्या आवारातून बाहेर पडतं. मुंबईत सोसायटीला येणारा १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. इथे वर्षाला ४० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तोही आपल्यासारखा चार महिन्यांत नाही, बाराही महिने थोडा थोडा. त्यामुळे ‘पावसाळा संपला, आता पुढच्या जूनपर्यंत निवांत’ अशी सोय इथल्या गटारांना नाही.

१९७२ चा ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’ आणि त्यात १९८७ मध्ये झालेली दुरुस्ती यांमुळे मोठ्या शहरांना आणि काउंट्यांना पावसाच्या पाण्याच्या गटारांसाठीही परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यात अमुक इतक्या जागेवरचं पाणी गाळून, मुरवून सोडा अशा अटी असतात. त्याला पैसे लागतात. ते कुणाकडून घ्यायचे? ज्याच्या आवारातून जास्त पाणी वाहतं त्याच्याकडून जास्त. या आकारामागचं तत्त्व एवढंच आहे.

मुंबईत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण महापालिकेच्या बिलात मलनिःसारण कर, वृक्ष उपकर, पथकर अशा ओळी पाहिलेल्या असतात, पण पर्जन्य जलवाहिनीची वेगळी ओळ पाहिलेली नसते. पुण्याच्या लोकांना मात्र याची उलटी बाजू ओळखीची असेल. तिथे सोसायटीत पावसाचं पाणी मुरवण्याची सोय केली की मिळकतकरात सवलत मिळते.

‘रेन टॅक्स’ या नावामागे राजकारण आहे. २०१२ मध्ये मेरीलँडने कायदा करून नऊ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर यांना असा आकार लावणं सक्तीचं केलं. २०१४ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत लॅरी होगन यांनी त्यावर रान उठवलं, निवडून आले आणि २०१५ मध्ये सक्ती गेली. परवान्याच्या अटी मात्र तशाच राहिल्या. मॉन्टगोमेरीचा आकार तर त्या कायद्याच्याही कितीतरी आधीपासून होता, त्यामुळे तो हलला नाही. ‘होगनने रेन टॅक्स काढला ना?’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर त्याला स्वतःचंच बिल उघडून दाखवा.

पायरी पहिली: बिलातली नेमकी ओळ शोधा

पाण्याशी संबंधित तीन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे तुम्ही भरत असता आणि लोक त्यांची खिचडी करतात. नळाचं पाणी आणि सांडपाणी यांचं बिल डब्ल्यूएसएससी या इथल्या पाणीपुरवठा संस्थेकडून येतं. ते मीटरवर, म्हणजे वापरावर. त्याच बिलात ‘बे रिस्टोरेशन’ नावाची एक ओळ असते. तिला इथे ‘फ्लश टॅक्स’ म्हणतात आणि तो पैसा सांडपाणी केंद्रं सुधारायला जातो. तिसरी गोष्ट आपली, पावसाच्या पाण्याची. ती त्या बिलात नसते, काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात असते, वर्षातून एकदा, कचऱ्याच्या आकाराच्या आसपास कुठेतरी. नाव तोडून छापलेलं असतं, म्हणून ‘वॉटर क्वालिटी’ एवढे शब्द शोधा.

एस्क्रो असेल तर काउंटीच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून बिल उतरवून घ्या. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कागदावर फक्त एकूण रक्कम असते, ओळी नसतात.

इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. हा आकार घराच्या किमतीवर लावलेला नसून सेवेचा मोबदला म्हणून लावलेला आहे, त्यामुळे फेडरल रिटर्न भरताना प्रॉपर्टी टॅक्सची वजावट घेता तेव्हा तो त्यात धरायचा नसतो. कचऱ्याच्या आकाराचंही तसंच. पण कंपनीने वर्षाअखेरीस पाठवलेला एकूण आकडा उचलून फॉर्ममध्ये टाकायची सवय सगळ्यांनाच असते. या कारणानेही बिल एकदा ओळीओळीने वाचणं बरं.

आकार आहे, कर नाही, याचा आणखी एक परिणाम: ज्यांना प्रॉपर्टी टॅक्स माफ असतो त्यांचीही यातून सहसा सुटका होत नाही. चर्च, मंदिरं, खासगी शाळा, सगळ्यांना बिल येतं आणि मोठं पार्किंग असलेल्या मंदिराला ते चांगलंच जाणवतं. फेडरल सरकारची कार्यालयंही ‘आम्ही कर भरत नाही’ म्हणून हात वर करत असत. २०११ मध्ये कायदा होऊन त्यांनाही असा वाजवी आकार भरणं भाग पडलं.

पायरी दुसरी: तुम्ही नेमके कुणाच्या हद्दीत आहात?

पत्त्यावर ‘गेथर्सबर्ग’ लिहिलंय म्हणजे तुम्ही गेथर्सबर्ग शहरात राहता असं नाही. ती पोस्टाची सोय आहे. नॉर्थ पोटोमॅकमधल्या कितीतरी घरांच्या पत्त्यावर गेथर्सबर्ग किंवा रॉकव्हिल असतं, पण ती घरं दोन्ही शहरांच्या हद्दीबाहेर आहेत. रॉकव्हिल, गेथर्सबर्ग आणि टकोमा पार्क या तीन शहरांचा पावसाच्या पाण्याचा कारभार स्वतःचा आहे. त्यांचा आकार वेगळा, मोजण्याची रीत वेगळी, सवलती वेगळ्या. या तीन हद्दींत राहत असाल तर पुढचे टप्प्यांचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, बाकीचं सगळं बऱ्याच अंशी लागू आहे. शहराचा म्युनिसिपल टॅक्स बिलात वेगळा लागलाय का ते बघा. लागला नसेल तर तुम्ही काउंटीचे.

पायरी तिसरी: टेप काढा

या सगळ्यात मला सर्वांत जास्त मजा आली ती इथे, म्हणून जरा रेंगाळतो.

काउंटी तुमच्या घराचे चौरस फूट मोजत नाही. दुमजली घर असलं तरी छप्पर एकच. विमानातून काढलेल्या फोटोंवर नकाशा आखून, पाणी मुरत नाही अशी जागा किती ते ती काढते. यालाच ‘इम्पर्व्हियस एरिया’ म्हणतात. त्यात छप्पर, ड्राइव्हवे, काँक्रीटच्या वाटा, पॅटिओ, शेड हे सगळं येतं. नवख्यांना चकवणाऱ्या गोष्टी म्हणजे दाबून बसवलेली खडी, पोहण्याचा तलाव आणि कृत्रिम गवत. ‘खडीच तर आहे, पाणी जातं की खाली’ हा युक्तिवाद चालत नाही. गाड्यांनी दाबलेल्या खडीतून फारसं काही जात नाही. लाकडी डेकच्या फळ्यांमध्ये फटी असतील आणि खाली उघडी माती असेल, तर अनेक गावं तो धरत नाहीत. घरापुढचा सार्वजनिक फुटपाथ तुमचा नाही, जरी त्यावरचा बर्फ काढणं तुमच्या गळ्यात असलं तरी.

एका शनिवारी मी मुलीला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि पाकिटाच्या मागच्या बाजूवर आकडे लिहीत गेलो. गॅरेजसकट छप्पर ४६ बाय ४६, म्हणजे २,११६. ड्राइव्हवे १८ बाय ३६, म्हणजे ६४८. दारापर्यंतची वाट ४ बाय ३०, १२०. घराच्या कुशीतून मागे जाणारी जुनी काँक्रीटची पट्टी ४ बाय ४५, १८०. शेड १० बाय १२, १२०. मागच्या दाराबाहेरचा चौथरा ८ बाय १४, ११२. बेरीज ३,२९६. आणि मी हौसेने घातलेला पॅटिओ, १६ बाय १८, म्हणजे आणखी २८८. एकूण ३,५८४ चौरस फूट.

छप्पर मोजताना भिंतीपासून मोजू नका, पागोळ्यांपासून मोजा. विमानाला भिंत दिसत नाही, छपराची कड दिसते. माझी पहिली बेरीज याच चुकीमुळे कमी आली होती.

पायरी चौथी: आपला टप्पा बघा

काउंटीने एक माप ठरवलं आहे, २,४०६ चौरस फूट. त्या मापाला वर्षाचा जो दर, तो मूळ दर. एकेका कुटुंबाच्या घरांसाठी सात टप्पे आहेत:

१,००० चौरस फुटांपर्यंत मूळ दराच्या ३३ टक्के
१,००० ते १,४१०: ५० टक्के
१,४१० ते ३,४१२: १०० टक्के
३,४१२ ते ३,८१०: १५० टक्के
३,८१० ते ५,८१५: २०० टक्के
५,८१५ ते ६,२१५: २५० टक्के
त्यापुढे: ३०० टक्के

मूळ दर काउंटी कौन्सिल दरवर्षी ठरवते. अलीकडच्या वर्षांत तो शंभर डॉलरच्या वर आहे. तुमच्या बिलातल्या ओळीवरून तुमचा टप्पा उलटा काढता येतो.

टप्पे सारख्या रुंदीचे नाहीत हे बघितलंत ना? तिसरा टप्पा ऐसपैस, दोन हजार चौरस फुटांचा. बहुतेक साधी घरं त्यात मावतात. चौथा जेमतेम चारशेचा. म्हणजे १,५०० चौरस फूटवाला आणि ३,४०० वाला दोघं सारखंच भरतात, पण ३,४०० वाल्याने एक मोठी शेड उभी केली की त्याची ओळ दीडपट. न्याय्य आहे का? पूर्णपणे नाही. पण लाखो घरांना फूट-फूट मोजून बिल पाठवण्यापेक्षा टप्पे सोपे, एवढाच त्याचा बचाव.

टाउनहाऊसवाले सहसा पहिल्या दोन टप्प्यांत असतात. त्यांनी एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, वर्गणीकडेही लक्ष ठेवावं. सामायिक पार्किंग आणि क्लबहाऊसचं बिल एचओएला येतं आणि ते फिरून तुमच्याच खिशातून जातं. काँडोमध्ये सगळ्या इमारतीचं मोजमाप एकत्र होऊन सदनिकांवर वाटलं जातं, त्यामुळे तिथे एकट्याने टेप काढून काही हाती लागत नाही.

पायरी पाचवी: जुळत नसेल तर

तुमची बेरीज आणि काउंटीचा टप्पा वेगळा निघाला तर आधी शांतपणे पुन्हा मोजा. दहा-वीस फुटांचा फरक टप्प्याच्या मध्यावर काही बदलत नाही, फक्त सीमेवर बदलतो. हवाई फोटोंवरून आखलेल्या नकाशात कुठल्या चुका होऊ शकतात तेही माहीत असू द्या: दोन घरांचा सामायिक ड्राइव्हवे एकाच्याच नावावर लागणं, गर्द झाडाची सावली छप्पर म्हणून आखली जाणं, पाडून टाकलेली शेड जुन्या फोटोत शिल्लक असणं.

फेरतपासणीचा अर्ज काउंटीच्या पर्यावरण विभागाकडे करायचा. त्यासाठी सप्टेंबर उजाडायची वाट बघू नका. जुलैत बिल हातात पडलं की लगेच कामाला लागा. अर्जासोबत मोजमापांचं हाताने काढलेलं रेखाटन, फोटो आणि हाताशी असेल तर घर घेताना मिळालेला जमिनीचा सर्व्हे जोडा. ‘फार आहे हो’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही, ‘शेड मार्चमध्ये पाडली, हा फोटो’ याला मिळतं.

निकाल लागेपर्यंत बिल मात्र थकवू नका. ही ओळ प्रॉपर्टी टॅक्सच्याच बिलात असल्यामुळे थकबाकीवर व्याज चढतं आणि प्रकरण घरावरच्या बोजापर्यंत जाऊ शकतं. मालक स्वतः राहत असेल तर बिल दोन हप्त्यांत भरता येतं, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर. उत्पन्न फार कमी असलेल्या कुटुंबांसाठी माफीचा वेगळा अर्ज आहे. निवृत्त आईवडिलांच्या नावावर घर असेल तर तो बघून ठेवा. आपली माणसं अशा अर्जांना उगाच लाजतात.

पायरी सहावी: क्रेडिट आणि रिबेट यांत गल्लत नको

क्रेडिट म्हणजे दरवर्षीच्या बिलातली घट. तुमच्या आवारात पाणी मुरवायची किंवा गाळायची व्यवस्था आहे आणि ती नीट चालते हे दाखवलं की मिळते. ती कायमची नसते. मॉन्टगोमेरीत एकदा मंजूर झाली की तीन वर्षं चालते, पुन्हा अर्ज करावा लागतो. रिबेट म्हणजे अशी व्यवस्था नव्याने करायला आलेल्या खर्चाचा काही भाग एकदाच परत मिळणं. काउंटीच्या रिबेट योजनेचं नाव ‘रेनस्केप्स’. रेन गार्डन (पाणी साठून मुरावं म्हणून झाडं लावलेला उथळ खड्डा), पाणी मुरणाऱ्या फरशा, काँक्रीट उखडून केलेली हिरवी जागा, पावसाच्या पाण्याची टाकी अशा गोष्टी तिच्यात बसतात.

रिबेटची सर्वांत महत्त्वाची अट: काम सुरू करण्याआधी मंजुरी. मी काय केलं? मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लांब वीकेंडला दोन मित्र मोकळे सापडले, फावडी होती, बिअर होती. रेन गार्डनचा खड्डा रविवारी दुपारपर्यंत तयार. अर्ज वाचायला घेतला सोमवारी. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की आधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. दोष कुणाला देणार? पानं माझ्याच टेबलावर तीन आठवडे पडली होती.

तुम्ही खणणार असाल तर क्रम असा ठेवा. एचओएची परवानगी. रिबेटचा अर्ज आणि मंजुरी. मग ८११ ला फोन. ते फुकट येऊन जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात, आणि त्याशिवाय कुदळ लावायची नाही. जागा घराच्या पायापासून किमान १० फूट लांब निवडा, नाहीतर ओढ्याकडे जाणारं पाणी तुमच्या बेसमेंटमध्ये वळवाल. मातीची परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांत उतरलं नाही तर ती जागा सोडा. इथली माती बऱ्याच ठिकाणी तांबडी चिकणमाती आहे, पाण्याला जागा देत नाही. झाडं स्थानिक लावा: स्वाम्प मिल्कवीड, जो-पाय वीड, कार्डिनल फ्लॉवर. पाण्यात दोन दिवस उभी राहिली तरी कुरकुरत नाहीत. आईने भारतातून येताना झेंडूचं बी आणलं होतं, ते मी हौसेने मध्यभागी लावलं. पहिल्याच मोठ्या सरीनंतर झेंडू कुजून गेला.

पिंपाबद्दल एक हिशोब. बाजारात मिळणारं ‘रेन बॅरल’ साधारण ५५ गॅलनचं असतं. ६०० चौरस फूट छपराचं पाणी एका पागोळी-पाइपाला येत असेल तर ते पिंप ४ मिलिमीटरच्या आसपास पावसात भरतं, म्हणजे एखाद्या जोराच्या सरीला पाव तासही लागत नाही. बाकीचं वाहूनच जाणार. टोमॅटो-मिरच्यांना घालायला पिंप उत्तम, ओढा वाचवायला तुटपुंजं, आणि बिल कमी होईल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. तोंडावर डासांसाठी बारीक जाळी आणि नोव्हेंबरात रिकामं करून उलटं ठेवणं, एवढी दोन पथ्यं. गोठलेल्या पाण्याने पिंप तडकतं.

पॅटिओ घालण्याआधी

माझ्या पॅटिओची गोष्ट अर्धी राहिली. चौथ्या टप्प्याची सुरुवात ३,४१२ वर, माझी बेरीज ३,५८४, म्हणजे १७२ चौरस फुटांनी मी वर गेलो होतो. आणि घराच्या कुशीतली ती जुनी पट्टी १८० ची. तिच्यावरून कोणी चालतही नव्हतं, कचऱ्याचे डबे तेवढे ढकलत न्यायचे. भाड्याने जॅकहॅमर आणला, पट्टी फोडली, ढिगारा ट्रान्सफर स्टेशनवर नेऊन टाकला, खाली माती मोकळी केली आणि त्यावर अंतराअंतराने पावलापुरते दगड ठेवले. नवी बेरीज ३,४०४, टप्प्याच्या सीमेच्या आठ चौरस फूट आत. फोटो आणि मापं पाठवली, आणि पुढच्या बिलात ओळ मूळ जागी आली.

फायद्याचा सौदा होता का? जॅकहॅमरचं भाडं आणि ढिगाऱ्याचे पैसे फिटायला तीन वर्षं लागली, कंबर धरली ती वेगळीच. पॅटिओ घालण्याआधी पंधरा मिनिटं टेप धरली असती तर कंत्राटदाराला सांगून तो १६ बाय ७ चा करता आला असता, किंवा पट्टी त्याच्याच मशीनने त्याच दिवशी निघाली असती. म्हणून शेड, पॅटिओ, तिसऱ्या गाडीसाठी रुंद ड्राइव्हवे असं काहीही घालण्याआधी टप्प्याच्या सीमेपासून आपण किती चौरस फूट लांब आहोत ते पाहा. टप्प्याच्या मध्यावर असाल तर बिनधास्त घाला. पाणी मुरणाऱ्या फरशांचा भाव जास्त असतो. कंत्राटदार ‘या मुरवतात’ म्हणाला म्हणून काउंटी ते आपोआप मानत नाही. खालचे थर योग्य रीतीने घातलेत याचे कागद आणि कामाच्या दरम्यानचे फोटो ठेवा. फरशी बसल्यावर खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

घर अजून बघत असाल तर

२००७ च्या राज्य कायद्यानंतर, आणि विशेषतः २०१० पासून, मेरीलँडमध्ये नवीन बांधकामाला पाणी शक्यतो जागच्या जागीच मुरवावं लागतं. त्यामुळे क्लार्क्सबर्गकडच्या नव्या घरांच्या आवारात बऱ्याचदा ‘ड्राय वेल’ असतात. जमिनीखाली खडीने भरलेले खड्डे, वर फक्त एक छोटं झाकण. मालकाला बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो. लॉनखाली दडलेल्या या खड्ड्याची देखभाल करार करून घरमालकावर टाकलेली असते आणि तो करार खरेदीच्या जाडजूड गठ्ठ्यात कुठेतरी असतो. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, आधी एजंटला सरळ विचारा: या लॉटवर पावसाच्या पाण्याची काही व्यवस्था आहे का, तिचा नकाशा कुठे आहे, देखभाल कुणाकडे आहे? असेल तर दोन कामं करा. झाकणावर कधी झाड किंवा शेड येऊ देऊ नका. आणि क्रेडिटचा अर्ज करा, कारण जी व्यवस्था आधीच जमिनीत पुरलेली आहे तिच्यासाठी तुम्हाला नवा खर्च नाही.

काउंटी ओलांडली की

पोटोमॅकपलीकडे व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समध्ये भाऊ राहत असेल आणि तो म्हणाला की ‘आमच्याकडे छप्पर-बिप्पर कुणी मोजत नाही’, तर तो खरं बोलतोय. तिथे हा पैसा घराच्या किमतीच्या प्रमाणात घेतात, मग अंगणात जंगल ठेवा नाहीतर काँक्रीट ओता. वॉशिंग्टन डीसीत मोजणीचं माप १,००० चौरस फुटांचं आहे आणि पाण्याच्या बिलात एक सोडून दोन ओळी असतात. एक पावसाच्या पाण्याची. दुसरी तिथल्या जुन्या गटारांसाठी, ज्यांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं आणि ज्यांच्यासाठी जमिनीखाली प्रचंड बोगदे खणले गेले. फिलाडेल्फियातही बराच भाग असाच एका पाइपाचा. तिथे घरांना ठरावीक रक्कम पाण्याच्या बिलातूनच लागते, दुकानं-कारखान्यांना मात्र त्यांच्या त्यांच्या जागेप्रमाणे. सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूत, जिथे आपली बरीच मंडळी आहेत, हा प्रकार १९७४ पासून आहे. तिथे एकूण जागा किती आणि ती किती दाट बांधलेली आहे यावर आकार ठरतो. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने गावांना असा आकार लावण्याची मुभा दिली, सक्ती नाही. तिथेही लगेच ‘रेन टॅक्स’ हेच नाव पडलं. गाव कुठलंही असो, तीन गोष्टी विचारा: कशावर मोजता, कुठल्या बिलात लावता, आणि पाणी मुरवलं तर काय सोडता.

मॉन्टगोमेरीत यासाठी ३११ हा काउंटीचा चौकशी नंबर फिरवायचा. फोन करताना बिलावरचा खाते क्रमांक, पाकिटाच्या मागचे आकडे आणि पेन जवळ ठेवा, आणि बोलणं संपायच्या आधी तक्रारीचा नंबर मागून घ्या. सकाळी लवकर केला तर फार थांबावं लागत नाही.